लहान म्हणजे केवढे?

विमानतळावर, विमानाकडे जाणाऱ्या दाराशी, धातूचा एक सांगाडा उभा असतो. प्रवाशाने हातातील बॅग त्यात उतरवून दाखवावी. ती सहज बसली तर तिला विमानात प्रवेश, अडखळली तर तिची रवानगी विमानाच्या पोटात आणि बहुधा वर जादा आकार. सांगाड्याची लांबी, रुंदी व उंची पाहून हे माप एखाद्या शास्त्राने सिद्ध केले असावे, असा सर्वसाधारण समज होतो. वस्तुतः त्या तीन आकड्यांमागे शास्त्र थोडे आणि तडजोडच फार आहे. वजन, जागा, सुरक्षितता आणि पैसा यांच्यात जवळजवळ शंभर वर्षे चाललेल्या ओढाताणीचा तो निवाडा आहे, आणि तो अद्याप अंतिम ठरलेला नाही.

या वादाचे मूळ एका साध्या विशेषणात सापडते. १२ ऑक्टोबर १९२९ रोजी वॉर्सा येथे आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीचा करार झाला. भारतात तो १९३४ च्या कायद्याने अंमलात आला. या कराराने सामानाचे दोन भाग पाडले. जे सामान प्रवासी कंपनीच्या स्वाधीन करतो त्याची पावती कंपनीने द्यावी, आणि ते हरवल्यास किलोमागे २५० फ्रँकपर्यंत भरपाई करावी. ज्या लहानसहान वस्तू प्रवासी स्वतःच्या ताब्यात ठेवतो त्यांना पावतीची गरज नाही. त्यांच्याबद्दलची जबाबदारी दर प्रवाशामागे एकूण ५००० फ्रँकपुरतीच राहील. जबाबदारीचा हिशेब फ्रँकपर्यंत चोख लावणाऱ्या या कायदेपंडितांनी ‘लहान’ म्हणजे केवढे, हे मात्र सांगितले नाही.

ते सांगण्याची त्या काळी निकडही नव्हती. तेव्हाच्या विमानाला भीती होती ती वजनाची. इंपीरियल एअरवेजसारख्या कंपन्या सामानाबरोबर प्रवाशालाही काट्यावर उभे करीत. पुढे विमाने मोठी झाली, तरी काट्याचे राज्य टिकून राहिले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, त्या काळात सामानाचा प्रश्न किलोंचा आणि पौंडांचा होता, सेंटिमीटरांचा नव्हता. पहिल्या वर्गाला ३० किलो व खालच्या वर्गाला २० किलो, ही विभागणी जगभर रुळली.

या वजनाव्यतिरिक्त काही वस्तू हातात घेऊन जाण्याची मुभा असे. त्यांची यादी मोठी मनोरंजक आहे. स्त्रियांची हातपिशवी, ओव्हरकोट, शाल किंवा कांबळे, छत्री किंवा काठी, लहान कॅमेरा, वाटेत वाचावयाची पुस्तके आणि तान्ह्या मुलाचे खाणे. येथे माप नाही, केवळ वस्तूंची नावे आहेत. ‘लहान’ या शब्दाचा अर्थ तेव्हा गरजेवरून ठरत होता. आसनांच्या वर जी उघडी फळी असे तिला टोप्यांची फळी म्हणत, आणि ती खरोखरच टोप्या व कोट ठेवण्यासाठी होती. विमानाने हिसका दिला की फळीवरील जड वस्तू खालच्या माणसाच्या मस्तकावर यावयाची, म्हणून तेथे जड काही ठेवावयाचे नाही, हा दंडक होता.

ही व्यवस्था बदलली ती दोन शोधांमुळे. २२ जानेवारी १९७० रोजी न्यूयॉर्क-लंडन मार्गावर बोइंग ७४७ हे प्रचंड विमान प्रवाशांसह प्रथम उडाले; पुढच्याच वर्षी ते एअर इंडियाकडेही आले. त्यात उघड्या फळीच्या जागी झाकणाचे बंद कप्पे होते. झाकण आल्यामुळे जड वस्तू वर ठेवणे शक्य झाले, आणि जे शक्य होते ते माणूस केल्यावाचून राहत नाही. दुसरा शोध चाकांचा. बर्नार्ड सॅडो या अमेरिकन गृहस्थाने सूटकेसला चाके लावली. १९७२ साली त्याला पेटंट मिळाले. ती आडवी व पट्ट्याने ओढावयाची पेटी होती. १९८७ च्या सुमारास रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने दोन चाकांची, उभी, आत सरकणाऱ्या दांड्याची बॅग बनविली. हाताला भार वाटत असे तोवर सामानाला आपोआप मर्यादा होती. चाकांनी तो भार जमिनीवर टाकला आणि ती नैसर्गिक मर्यादा नाहीशी झाली.

आता ‘लहान’ या शब्दाला आकडे द्यावेच लागले. अमेरिकेच्या हवाई खात्याने १९८८ पासून प्रत्येक कंपनीला हातातील सामानाचे नियम मंजूर करून घेण्याची सक्ती केली. आकडे मात्र कंपन्यांवर सोपविले, आणि तेथेच स्पर्धा शिरली. वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर युनायटेड कंपनीच्या पुढाकाराने सामान तपासण्याच्या सामाईक यंत्रांच्या तोंडाशी मापाच्या चौकटी बसविण्यात आल्या. चौकटीत न मावणारी बॅग पुढे जाईना. कॉन्टिनेंटल कंपनीने आपल्या विमानांतील कप्पे मोठे करून घेतले होते आणि मोठ्या बॅगांची मुभा हेच तिचे आकर्षण होते. प्रकरण न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने कॉन्टिनेंटलची बाजू मान्य केली. २००२ साली वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द करून खटला फेरविचारासाठी परत पाठविला. एका बॅगेच्या रुंदीवरून दोन बलाढ्य कंपन्या न्यायासनापुढे उभ्या राहिल्या, यातच त्या इंचांचे मोल दिसून येते.

सुरक्षिततेने या मापाला आणखी एक पीळ दिला. १० ऑगस्ट २००६ रोजी लंडनमध्ये द्रवरूप स्फोटकांचा कट उघडकीस आला. त्या दिवशी ब्रिटनमधून उडणाऱ्या प्रवाशांना पारदर्शक पिशवीतील पासपोर्ट, पैशाचे पाकीट व अशाच अत्यावश्यक वस्तूंखेरीज जवळजवळ काहीच आत नेता आले नाही. काही दिवसांनी ४५×३५×१६ सेंटिमीटरांची एक बॅग चालेल असे ठरले. सप्टेंबरात ते माप ५६×४५×२५ झाले. सहा-सात आठवड्यांत ‘लहान’ या शब्दाचा अर्थ तीनदा बदलला. विमाने तीच होती, कप्पे तेच होते.

त्यानंतर पैशाचा प्रवेश झाला. २००८ साली अमेरिकन एअरलाइन्सने स्वाधीन केलेल्या पहिल्या बॅगेवरही १५ डॉलर आकारण्यास आरंभ केला. साहजिकच लोक सर्व सामान हातात घेऊ लागले आणि कप्पे ओसंडू लागले. २०१० साली स्पिरिट या कंपनीने कप्प्यात ठेवावयाच्या बॅगेवरही आकार बसविला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये एका स्पॅनिश खटल्यात म्हटले, की हातातील सामान हा प्रवासाचा आवश्यक भाग असल्याने त्यावर वेगळा आकार घेता येत नाही. मात्र त्याचे वजन व माप वाजवी असावे. १९२९ चा ‘लहान’ गेला आणि त्याच्या जागी ‘वाजवी’ आला, एवढेच. त्या वाजवीचा अर्थ काढताना पुन्हा भांडणे झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पेन सरकारने पाच स्वस्त विमानकंपन्यांना मिळून १७ कोटी ९० लाख युरोंचा दंड ठोठावला.

सर्व जगासाठी एकच माप ठरविण्याचा प्रयत्नही होऊन गेला. जून २०१५ मध्ये विमानकंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ५५×३५×२० सेंटिमीटर हे माप सुचविले. घरातील बॅगा टाकून नव्या घ्याव्या लागणार, अशी ओरड झाली आणि आठवडा-दीड आठवड्यात तो बेत स्थगित झाला.

भारतात अंतर्गत प्रवासाच्या साध्या वर्गात ७ किलोंची एक बॅग आणि तिन्ही बाजू मिळून ११५ सेंटिमीटर, हे प्रमाण रूढ झाले आहे. एकाच बॅगेचा दंडक नागरी विमान सुरक्षा कार्यालयाने २००० साली घातला व जानेवारी २०२२ मध्ये त्याची आठवण करून दिली. त्या एका बॅगेखेरीज ज्या वस्तू चालतात त्यांची यादी वाचली तर हातपिशवी, ओव्हरकोट, छत्री, पुस्तके, बाळाचे खाणे ही जुनी मंडळी पुन्हा भेटतात. यंत्रे बदलली, परंतु प्रवासात माणसाला हाताशी काय लागते, हे फारसे बदललेले नाही.

या साऱ्या वादात एक माप मात्र तडजोडीला वाव देत नाही. ते सेंटिमीटरांचे नसून सेकंदांचे आहे. निम्मी दारे बंद धरून भरलेले विमान ९० सेकंदांत रिकामे करता आले पाहिजे, अशी कसोटी नव्या विमानांना असते. आणि त्या कसोटीत कोणी बॅगा काढीत बसत नाही. ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून निघालेले विमान दुबईच्या धावपट्टीवर आदळून पेटले. आतील ३०० जण वाचले, परंतु धुरात उभे राहून अनेकांनी डोक्यावरील कप्पे उघडले होते. आगीशी झुंजताना एका अग्निशामकाने प्राण गमावले. याउलट २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या विमानाने तटरक्षक दलाच्या विमानाला धडकून पेट घेतला. त्या लहान विमानातील पाच जण दगावले. मोठ्या विमानातील सर्वच्या सर्व ३७९ जण सामान मागे ठेवून सुखरूप बाहेर आले.

दाराशी उभा असलेला तो सांगाडा बॅग किती मोठी असावी एवढेच सांगू शकतो. डोक्यावरचा कप्पा एकट्याचा नाही, आणि दोन आसनांमधील अरुंद वाट तर मुळीच एकट्याची नाही. हे त्याला सांगता येत नाही. वॉर्सा येथील कायदेपंडितांनी ज्या विशेषणाची व्याख्या मोकळी सोडली, तिचा निर्णय हानेदाच्या प्रवाशांनी त्या रात्री करून टाकला. वेळ आली असता मागे वळून न पाहता जी टाकून देता येते, ती वस्तू लहान.