आलापल्लीचा ताप आणि चीनची वनस्पती

चैत्रात देवाला दवणा वाहण्याची आपली रीत जुनी आहे. त्या दवण्याच्याच कुळातील एक वनस्पती चीनमध्ये उगवते. तिला तेथे छिंगहाओ म्हणतात. या दोन बहिणींपैकी एक देवघरात राहिली आणि दुसरी आलापल्लीच्या रुग्णांच्या रक्तापर्यंत येऊन पोहोचली. ती कशी, एवढेच आज आम्हांला सांगावयाचे आहे.

आलापल्ली म्हटले की सागवान डोळ्यांपुढे उभे राहते. १९५३ पासून जसेच्या तसे राखलेले तेथील 'वनवैभव' २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळ ठरले. परंतु ज्या रानाने साग पोसला, त्यानेच डासही पोसला. गडचिरोली जिल्ह्यातला हिवताप हा नुसता थंडीताप नव्हे. त्यातील फॅल्सिपेरम जातीचा जंतू तांबड्या रक्तपेशीत शिरला म्हणजे एकदोन दिवसांत तिला चिकट करून सोडतो. अशा पेशी केशवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात, मागून येणाऱ्या पेशींची वाट अडते, आणि हा अडथळा मेंदूत झाला की माणूस बेशुद्ध पडतो. तापाचा रोग म्हणून आपण ज्याला ओळखतो, तो असा मुळात रक्त तुंबण्याचा रोग होऊन बसतो. (याच भागात सिकलसेलही आढळतो. त्याचा अर्धा वारसा असलेल्यास हा हिवताप सहसा प्राणघातक होत नाही, आणि पुरा वारसा असलेल्याचे रक्त आपल्याच वाकड्या पेशींनी अडते. निसर्गाचा हा सौदा मोठा महाग आहे.)

तुंबलेले रक्त मोकळे करणे हा चिनी वैद्यांचा जुना ध्यास. नाडी पाहून रक्ताची चाल ओळखणे आणि साकळलेले रक्त हालते करणे, यावर त्यांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. वांग छिंगरेन नावाच्या वैद्याने १७९७ च्या साथीत उथळ पुरलेल्या मुलांची उघडी पडलेली प्रेते स्वतः निरखली आणि १८३० मध्ये जुन्या ग्रंथांच्या चुका दाखविणारे पुस्तक काढले. धाडसी माणूस खरा! पण मोठी धमनी त्याला रिकामी दिसली आणि तीतून प्राणवायू वाहतो, असे त्याने ठरवून टाकले. रक्त हृदयातून निघून पुन्हा हृदयातच येते, हे हार्वेने १६२८ मध्येच सिद्ध केले होते. वांगचे रक्त हालते करणारे काढे आजही चीनमध्ये दिले जातात. आलापल्लीच्या कामी मात्र ते आले नाहीत.

कामी आला तो तापावरचा एक साधा उपाय. चौथ्या शतकातील गे हुंग याने छिंगहाओ पाण्यात भिजवून, पिळून तो रस प्यावा, असे लिहून ठेवले होते. व्हिएतनामच्या युद्धात हिवतापाने सैनिक आजारी पडू लागले, तेव्हा २३ मे १९६७ रोजी चीनने औषधाचा गुप्त शोध सुरू केला. १९६९ मध्ये त्यातील एका गटाची सूत्रे तू यूयू या संशोधिकेकडे आली. छिंगहाओचा अर्क कधी लागू पडे, कधी नाही. गे हुंगचा उपाय पुन्हा वाचताना त्यांच्या ध्यानी आले की त्यात उकळणे नाही! उष्णतेने गुण जात असावा, असा तर्क करून त्यांनी सुमारे ३५ अंशांवरच उकळणारे ईथर वापरले. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाचा अर्क उंदरांच्या हिवतापावर पुरा उतरला. पुढल्या वर्षी तो आधी स्वतः त्यांनी आणि सहकाऱ्यांनी घेऊन पाहिला. २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

आर्टिमिसिनिनचे वैशिष्ट्य आम्हांला येथे दिसते. क्विनाइन जंतू मोठा झाल्यावर त्याला गाठते. आर्टेसुनेट तो कोवळा असतानाच, म्हणजे पेशी चिकट होण्याआधीच, मारते. आशियातील चार देशांत १,४६१ रुग्णांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्विनाइनवर शंभरातील बावीस दगावले, आर्टेसुनेटवर पंधरा. त्या चार देशांत भारतही होता. म्हणून कोणी दवण्याचा काढा करून प्यावा असे मात्र नाही. त्याने हिवताप हटत नाही, आणि छिंगहाओच्या नुसत्या चहावरही विसंबता येत नाही.

विदर्भाचे आणि चीनचे वैद्यकीय नाते याहून जुने आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, हे सर्वांना ठाऊक, नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे थोड्यांना. ते गेले होते शस्त्रक्रिया घेऊन. परतीची भेट यायला बरीच वर्षे लागली. आलापल्लीहून भामरागडच्या वाटेवरील हेमलकशाला १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा हे औषध चीनबाहेर कोणाला फारसे माहीतही नव्हते. २०१० पासून भारतात फॅल्सिपेरमच्या प्रत्येक रुग्णाला आर्टिमिसिनिनच्या जोडगोळ्या देण्याचे धोरण आहे.

पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की भामरागड तुटते, आणि हिवतापाचा जोरही त्याच सुमारास असतो. मेंदूकडे जाणारी वाट बंद व्हायला लागतात ते तास. पूर ओसरायला लागतात दिवस. तेव्हा बोट टोचून तपासणी करणारी आशा आणि तिच्या पिशवीतल्या गोळ्या नदीच्या पलीकडे, गावातच असाव्या लागतात.