शिशुवयातील खेळ (बुलढाणा जिल्हा)

जन्मापासून सुमारे सहाव्या वर्षापर्यंत मूल स्वतःच्या ओढीने, निकालाची फिकीर न करता जी कृती पुन्हा पुन्हा करते, तिला शिशुवयातील खेळ म्हणतात. शरीर, भाषा, विचार आणि भावना या चारही अंगांनी होणाऱ्या वाढीचे ते प्रमुख साधन होय.

टप्पे : तान्हे मूल हाती येईल ते आपटते, चोखते, फेकते, त्यातून त्याला वस्तूचे वजन, आवाज आणि पोत उमगतात. दीड-दोन वर्षांनंतर लुटुपुटीचा खेळ सुरू होतो. मिल्ड्रेड पार्टेन यांनी 1932 मध्ये दाखवल्याप्रमाणे लहानगी आधी एकेकटी, मग शेजारी बसून पण आपापली आणि पुढे एकमेकांच्या साथीने खेळू लागतात. भातुकलीत ‘आई’ झालेल्या मुलीला आईसारखेच वागावे लागते. असे नियम आपखुशीने पाळताना मूल स्वतःला आवरायला शिकते, असे रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांचे प्रतिपादन आहे.

स्थानिक खेळ : वऱ्हाडात मोडणाऱ्या या जिल्ह्यात बरेच खेळ सणांशी आणि शेतीशी जोडलेले आहेत. पोळ्याच्या सुमारास मुले मातीचे बैल घडवतात. माती मळताना, शिंगे ओढून काढताना बोटांना वळण लागते व पुढे लेखणी धरणे सोपे जाते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत चालणाऱ्या भुलाबाईच्या खेळात झाकलेला खाऊ ओळखायचा असतो. डबा हलवून आवाज ऐकायचा, गोड की तिखट ते विचारायचे आणि एकेक शक्यता गाळत जायची, असा हा तर्काचा पाठ असतो. मोठ्यांच्या कडेने बसलेली धाकटी भावंडेही त्यात भाग घेतात. सोंगट्यांच्या खेळात चिंचोके उभे चिरून फाशांसारखे टाकतात. चार चिंचोक्यांपैकी जितक्यांची पांढरी बाजू वर, तितकी घरे पुढे जायचे. पाच-सहा वर्षांचे मूल असे मोजत संख्येशी ओळख करून घेते.

शिक्षणपरंपरा : गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये भावनगर येथे नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. ताराबाई व अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डी येथे आणि 1957 पासून कोसबाड येथे माँटेसरी पद्धत ग्रामीण व आदिवासी परिस्थितीला जुळवून घेतली. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने वापरली आणि मुले शाळेत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गरीब गावात पैशावाचून खेळातून शिक्षण होऊ शकते, हे या प्रयोगाने सिद्ध केले. सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी वस्त्या असलेल्या जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांना हा अनुभव विशेष जवळचा आहे.

शासकीय व्यवस्था : एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. तिच्या अंगणवाड्यांत 3 ते 6 वर्षांच्या मुलांना पोषण आहारासोबत पूर्वशालेय शिक्षण मिळते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने 3 ते 8 हा पायाभूत टप्पा मानून खेळाधारित शिक्षणावर भर दिला, तर 2023 मध्ये ‘जादुई पिटारा’ हा खेळसाहित्याचा संच आला.

अडथळे : कापूस वेचणीच्या हंगामात घरातील मोठे शेतात असतात, तान्ह्यांना सांभाळण्याचे काम थोरल्या बहिणीकडे येते आणि तिचा खेळ तुटतो. लवकर लिहिते करण्याचा पालकांचा आग्रह आणि हाती दिलेला मोबाइल यांनीही खेळाचा वेळ आटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार 3-4 वर्षांच्या मुलांना दिवसात किमान 180 मिनिटे हालचाल हवी, त्यातील 60 मिनिटे जोमाची. पडद्यासमोर बसणे 1 तासाहून अधिक नसावे. अंगण, माती, बिया आणि सवंगडी एवढ्या सामग्रीवर हे प्रमाण गाठता येते. मोठ्यांनी फक्त वेळ मोकळा ठेवायचा आणि मुलाच्या खेळात विनाकारण हात घालायचा नाही.