झरपटेच्या कांठचा चांदा

धानोऱ्याहून पश्चिमेकडे निघालें, म्हणजे गडचिरोलीपर्यंत रानाची सोबत सुटत नाहीं. पुढें वैनगंगा ओलांडावी, सावली आणि मूल हीं गांवें मागें टाकावीं, म्हणजे आपण चंद्रपुरास पोहोंचतों. आमच्याकडील वृद्ध माणसें त्याला अजूनहि ‘चांदा’च म्हणतात. 26 ऑगस्ट 1982 रोजीं गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आमचा हा मुलूखहि त्याच जिल्ह्यांत मोडत होता.

कोळशाचें, विजेचें आणि धुराचें गांव अशी त्याची आज ख्याति आहे. ती खोटी नव्हे, पण अपुरी आहे. चांद्याची जन्मकथा कोळशाची नसून पाण्याची आहे. आख्यायिका अशी कीं, बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याच्या अंगावर असाध्य गळवें उठलीं होतीं. शिकारीच्या भरांत तहानेनें व्याकूळ होऊन तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रांत उतरला. तेथील एका खळग्यांतल्या पाण्यानें त्याची व्याधि शमली, आणि त्याच पाण्यापाशीं अचलेश्वराचें देऊळ उभें राहिलें. पुढें तेथेंच एका सशानें राजाच्या कुत्र्याचा पाठलाग केला. तें नवल ऐकून, येथें नगर वसवावें, अशी मसलत राणीनें दिली. इतिहासकार यांतील किती भाग मान्य करतील, हा प्रश्न निराळा. परंतु आपल्या गांवाची कथा जे लोक विजयानें सुरू न करतां आरोग्यानें सुरू करतात, त्यांच्या मनाची ठेवण त्यावरून कळते.

इरई आणि झरपट यांच्या संगमाजवळ गोंड राजांनीं दगडी कोट उभारला. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा या त्याच्या चार वेशी, आणि शिवाय पांच खिडक्या. राणी हिराईनें आपला पति वीरशाह याची समाधि बांधविली, ती आजहि पाहणाऱ्याचें पाऊल थांबविते. 1751 सालीं हें राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलें. 1818 च्या मे महिन्यांत इंग्रजांनीं किल्ला लढून घेतला. आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजीं बाबुराव शेडमाके यांना याच शहरांत फांशीं देण्यांत आलें. राज्यें गेलीं, वेशी राहिल्या.

धुराची कथा त्यानंतरची. 1871 सालीं वरोऱ्याची खाण सुरू झाली. ती 1906 मध्यें बंद पडली. तथापि कोळशानें या मुलखाची पाठ सोडली नाहीं. बल्लारपूरच्या कागद गिरणीनें रानांतला बांबू नेला. 1980 नंतरच्या दशकांत दुर्गापूरजवळ औष्णिक वीजकेंद्र आलें. त्याची क्षमता पुढें 2920 मेगावॉटपर्यंत गेली. 1999 सालीं येथून मुंबईकडील पडघ्यापर्यंत सुमारें 752 किलोमीटर लांबीची वीजवाहिनी चालू झाली. आपल्या घरांतील दिव्याच्या उजेडांत चांद्याच्या कोळशाचा अंश असणें असंभाव्य नाहीं. उजेड तारेवरून दूर जातो. राख आणि धूर मात्र जागच्या जागीं राहतात. 2009 सालीं देशांतील औद्योगिक परिसरांच्या प्रदूषणाची मोजदाद झाली, तींत चंद्रपूरचा क्रमांक चौथा लागला. ज्या पाण्यानें राजा बरा झाला म्हणतात, त्या पाण्याच्या कांठीं ही स्थिति यावी, यापरतें दुर्दैव कोणतें?

मग अशा शहराची ओढ माणसाला कां वाटावी? चैत्रांत महाकालीच्या यात्रेसाठीं मराठवाड्यापासून माणसें येतात, तीं कारखाने पाहावयास येत नाहींत. 16 ऑक्टोबर 1956 रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं याच शहरांत आपल्या अनुयायांना धम्मदीक्षा दिली; त्या स्मृतीसाठीं दरवर्षीं लोकांची रीघ लागते. आणि 2017 सालीं शहरांतील तरुणांनीं कोटावर माजलेलीं झाडेंझुडपें स्वतःच्या हातांनीं तोडण्यास आरंभ केला. पूर्वजांची भिंत साफ करण्यासाठीं उन्हातान्हांत राबणारी माणसें जेथें आहेत, तें गांव केवळ यंत्रांच्या सोयीसाठीं वसलेलें नाहीं.

म्हणून चांद्याचें मोल मेगावॉटांत करूं नये. दूरच्या शहरांनीं त्याची वीज घेतली आहे, तर त्याच्या हवेची आणि पाण्याची चिंता वाहणें हें त्यांचेंहि कर्तव्य ठरतें. झरपटेचें पाणी तहानलेल्या वाटसरूला निःशंकपणें ओंजळींत घेतां येईल, त्या दिवशीं हें ऋण फिटूं लागलें, असें म्हणतां येईल.