नावाची राखण

वैशाखात आंब्याची पेटी घरी आली की ती उघडण्यापूर्वीच आपण विचारतो, "आंबा कुठला?" घर पुण्यात असो, इंदुरात असो वा बडोद्यात असो, मराठी माणूस हा प्रश्न विचारल्यावाचून राहत नाही. देवगड किंवा रत्नागिरी असे उत्तर मिळाले की चार पैसे अधिक मोजावयास तो तयार होतो. वस्तूचा गुण तिच्या गावाच्या नावात साठलेला असतो, हा विश्वास त्यामागे असतो. पण नावाला मोल आले की नावाची चोरीही आलीच. ही चोरी थांबविण्यासाठी मनुष्याने जे कायदे केले, त्यांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

या इतिहासाचा एक जुना धागा दक्षिण फ्रान्समधील रोकफोर या लहानशा गावी सापडतो. तेथील डोंगराच्या पोटात नैसर्गिक गुहा आहेत. खडकांच्या भेगांतून वाहणाऱ्या गार, दमट वाऱ्यात मेंढीच्या दुधाचे चीज मुरत ठेवतात आणि त्यावर निळसर बुरशीच्या रेषा उमटतात. इ. स. १४११ मध्ये राजा सहावा शार्ल याने हे चीज मुरविण्याचा हक्क त्या गावच्या रहिवाशांना सनदेने दिला. पुढे १६६६ साली तुलूझच्या न्यायसभेने रोकफोरच्या नावाखाली दुसरे चीज विकणाऱ्यांस दंड ठरविला. १९२५ साली फ्रान्सने स्वतंत्र कायदा करून या नावाला संरक्षण दिले. राजाची सनद, न्यायसभेचा निवाडा आणि लोकसत्तेचा कायदा अशा तीन पायऱ्यांनी एका खेड्याची चव कायद्याच्या पोथीत शिरली.

परंतु नावाला कुंपण घालावयाचे म्हणजे ते कोठे घालावयाचे हे ठरवावे लागते, आणि खरा कलह तेथेच सुरू होतो. शांपेन या प्रसिद्ध मद्याच्या प्रदेशाची हद्द १९०८ साली आखण्यात आली, तेव्हा ओब परगण्यातील द्राक्षबागाईतदार त्या हद्दीबाहेर राहिले. शांपेन प्रांताची जुनी राजधानी त्र्वा ही त्यांच्याच परगण्यात. मग आम्ही परके कसे, असा त्यांचा सवाल होता. उलट मार्न परगण्यातील शेतकरी बाहेरून येणाऱ्या द्राक्षांमुळे हवालदिल झाले होते. १९११ साली दोन्हीकडे दंगली उसळल्या, मद्याची कोठारे फुटली, सैन्य बोलवावे लागले. ओबला त्या नावाचा पूर्ण हक्क मिळावयास १९२७ साल उजाडले. नकाशावरची एक रेघ कोणाला पोसते आणि कोणाला उपाशी ठेवते, याचा हा धडा विसरता येण्याजोगा नाही.

आपल्या देशात खाद्यवस्तूंची प्रत राखण्याचा विचार आधी झाला. १९३७ सालच्या कायद्याने शेतमालाची प्रतवारी ठरली आणि तुपाच्या डब्यावर 'अ‍ॅगमार्क'ची मुद्रा आली. ती मुद्रा तूप शुद्ध आहे एवढे सांगते; ते कोठले आहे, हे सांगण्याचे काम तिचे नव्हे. मूळ स्थानाचे मोल आपणांस प्रकर्षाने कळले ते १९९७ साली. त्या वर्षी अमेरिकेतील एका कंपनीला बासमती तांदळाच्या वाणांवर व दाण्यांवर एकस्व मिळाले. हिमालयाच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या पिकणाऱ्या धान्यावर सातासमुद्रापलीकडचा धनी हक्क सांगू लागला, तेव्हा देशात संतापाची लाट उठली. भारताने पुराव्यानिशी हरकत घेतली आणि त्या कंपनीचे बहुतेक दावे टिकले नाहीत. मात्र याच सुमारास आपली एक उणीव उघडी पडली. जागतिक व्यापाराच्या १९९४ सालच्या करारात असे कलम आहे की, जे नाव स्वदेशातच रक्षिलेले नाही, ते राखण्याचे बंधन इतर देशांवर नाही. आणि आपल्याकडे तर असा कायदाच नव्हता!

तो कायदा संसदेने १९९९ साली केला व १५ सप्टेंबर २००३ पासून तो अमलात आला. भौगोलिक निर्देशांची नोंद चेन्नईच्या कार्यालयात होते. ती दहा वर्षे टिकते व पुन्हा नवी करता येते. या कायद्यातील एक तत्त्व मला विशेष मोलाचे वाटते. व्यापारचिन्ह विकता येते. हा निर्देश मात्र विकता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. नाव साऱ्या प्रदेशाचे असते आणि तेथला प्रत्येक पात्र उत्पादक नोंद करून ते वापरू शकतो. पहिली नोंद दार्जिलिंगच्या चहाची झाली. बंगाल आणि ओडिशा यांच्यातील रसगुल्ल्याचा वादही याच कायद्याने शमविला. २०१७ साली 'बांगलार रसोगोल्ला' आणि २०१९ साली 'ओडिशा रसगोला' अशी दोन्ही नावे नोंदली गेली. रसगुल्ला पहिल्याने कोणी केला, या प्रश्नापेक्षा कोणाचा कसा असतो, हे नेमके लिहून ठेवणे अधिक उपयोगाचे ठरले.

आता पुन्हा आपल्या पेटीकडे वळू. ३ ऑक्टोबर २०१८ रोजी हापूसला हे संरक्षण मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर हे पाच जिल्हे त्याचे क्षेत्र ठरले. गंमत अशी की, 'हापूस' हे नाव मुळात पोर्तुगीज 'अफोन्सो'चे मराठी रूप मानले जाते. म्हणजे नाव परदेशी असले तरी हरकत नाही. कातळातली मुळे, खारा वारा आणि बागाईतदाराचे कसब यांनी ते आपले केले आहे, आणि कायदा राखतो तो हाच संबंध.

परंतु प्रमाणपत्र भिंतीवर टांगल्याने बागाईतदाराच्या पदरात काही पडत नाही. दहा-वीस कलमांचा धनी स्वतः नोंदला गेला नाही, तर नावाचा लाभ दलालाच्याच हाती राहतो. परप्रांतीचा आंबा कोकणच्या पेटीत भरणाऱ्याला जाब विचारला गेला नाही, तर कायदा कागदावरच राहतो. रोकफोरच्या सनदेला सहाशेहून अधिक वर्षे लोटली. ती जिवंत राहिली, कारण त्या गावाने तिच्यासाठी भांडणे सोडले नाही. आपल्या कायद्याचे वय अजून कोवळे आहे. पुढच्या वैशाखात "आंबा कुठला?" असे विचारताना "बागाईतदार नोंदलेला आहे का?" एवढे आणखी विचारले, तर त्या कोवळ्या कलमाला आपणही ओंजळभर पाणी घातल्यासारखे होईल.