आज संध्याकाळी शाळेत टीव्ही आहे

जीपच्या मागच्या बाकावर, वरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसा. बाजूची ताडपत्री सोडली तर उकडून निघाल, गुंडाळली तर अख्खा रस्ता आत येईल. काय सोसायचं ते तुम्हीच ठरवा. मार्च १९७६. गुलबर्गा जिल्हा. दुपारचे तीन वाजून गेलेत, पण उन्हाचा चटका तसूभरही कमी झालेला नाही. दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली रानं, ज्वारीची धसकटं, मधेच एखाद्या खळ्यावर चाललेली मळणी. ओठांवरून जीभ फिरवून बघा. धूळ, घाम आणि कडब्याचं बारीक कूस.

पायाशी तुमची पिशवी आहे. तिच्यात मल्टिमीटर, कथिलाच्या तारेचं रीळ, केबलची गुंडाळी, टीव्हीच्या आतल्या बदली कार्डांचा डबा. खिशात एका शाळामास्तरांचं पोस्टकार्ड: चार दिवस झाले, चित्रात मुंग्या, आवाज नाही, गाव रोज विचारतंय, लवकर यावं. तुम्ही पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकलात आणि इस्रोच्या नोकरीत लागलात. घरी सगळ्यांना वाटतं, तुम्ही रॉकेट उडवता. तुम्ही जीपमधून गावोगाव हिंडून टीव्ही दुरुस्त करता. आज संध्याकाळपर्यंत थांबा, हे काम रॉकेटच्या तोडीचं का आहे ते तुमच्या डोळ्यांना दिसेल.

गाव आलं. घरं दगडाची, आणि दगड तुमच्या ओळखीचा. तुमच्या घरच्या स्वयंपाकघरातली शहाबादी फरशी याच जिल्ह्यातून येते. इथे तिच्याच भिंती, तिचीच छपरं, तिचेच ओटे. दिवसभर तापलेल्या त्या भिंतींजवळून चाललात की एका बाजूचा गाल भाजतो. कडुनिंबाला मोहोर आलाय. त्याच्या वासात गोवऱ्यांचा धूर मिसळलाय आणि कुठेतरी शेंगदाणे भाजले जातायत. पोरं जीपमागून धावत येतात. “टीव्ही बंतु! टीव्ही बंतु!” टीव्ही आला, म्हणतायत. संच तर शाळेत आधीपासून आहे. आलात ते तुम्ही, पण पोरांच्या लेखी दोन्ही एकच.

शाळेमागे बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात अँटेना उभी आहे. तीन मीटर व्यासाची, आणि कशाची म्हणाल तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या तारेच्या जाळीची. शहरातला पाहुणा ही बघून हसतो. तुम्ही हसू नका, तुम्हाला यातली अक्कल माहीत आहे. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींची वारंवारता ८६० मेगाहर्ट्झ, म्हणजे लहर साधारण ३५ सेंटिमीटर लांबीची. जाळीची भोकं त्या मानाने इतकी लहान की लहरीच्या दृष्टीने ती जाळी म्हणजे सलग पत्राच. वाऱ्याला मात्र ती जाळीच! सलग पत्रा असता तर मार्चच्या पहिल्या वावटळीत उखडला असता. शिवाय ही स्वस्त, बैलगाडीतून नेण्याइतकी हलकी, आणि वाकली तर गावातला लोहार सरळ करील अशी. ज्यांनी ही आखली त्यांनी गाव पाहिलेलं होतं, असं मला मनापासून वाटतं. परदेशी पुस्तकातली अँटेना जशीच्या तशी उतरवून काढणं सोपं होतं, त्यांनी ते केलं नाही.

शिडी देवळातून येते. चढण्याआधी हाताला रुमाल बांधा, लोखंड तापून लाल व्हायचंच बाकी आहे. अँटेनाच्या समोरच्या बाजूला छोटी पेटी आहे, तिला जोडलेली केबल खाली शाळेत जाते. जोड उघडा. सापडलं! पावसाळ्यात शिरलेल्या पाण्याने तांब्यावर हिरवं पूट चढलंय. केबलचं टोक कापा, नवं सोला, घासून चकचकीत करा. आता कथिलाने जोडायचं, पण दुपारची वीज गेलेली. मग गुरुजींच्या घरून भरभरणारा स्टोव्ह येतो, त्यावर सोल्डरचं लोखंड तापतं, राळेचा तिखट धूर थेट डोळ्यांत जातो. भोवती निम्मं गाव. प्रत्येक जण एकेक सूचना देतो, आणि त्यांतली एक बरोबर असते: कुंपणाकडचा एक म्हातारा म्हणतो, वरून ग्रीस लावा, पंपाला लावतो तसं. लावा. पुढचा पावसाळा त्याच्यामुळे निघेल.

काम झालं की नाही, ते मात्र आत्ता कळणार नाही. सकाळचं शाळेच्या मुलांसाठीचं प्रसारण केव्हाच संपलं. संध्याकाळपर्यंत तिकडून काहीच येणार नाही. तोवर गुरुजींच्या ओट्यावर बसा. “बर्री साहेब्र, कूड्री,” ते म्हणतात, आणि मग तुमच्यासाठी मराठीत सुरू होतात. या भागात मराठी जाणणारी माणसं पुष्कळ आहेत. ताकाचा पेला हातात येतो. त्यात जिरं आहे, मीठ आहे, आणि तो माठातल्या पाण्याचा गारवा. दोन पेले प्या.

गुरुजी विचारतात, “तो उपग्रह नेमका कुठं म्हणायचा?” बोट दाखवा: मावळतीकडे, किंचित दक्षिणेला, क्षितिज आणि माथा यांच्या मध्याच्या जरासा खाली. आफ्रिकेच्या पूर्व भागावर, विषुववृत्ताच्या वर ३६,००० किलोमीटर. नाव एटीएस-६. अमेरिकेचा आहे, एका वर्षासाठी उसना घेतलेला. अहमदाबाद आणि दिल्लीच्या भूकेंद्रांवरून कार्यक्रम वर जातात आणि सहा राज्यांतल्या २,४०० गावांत उतरतात. या प्रयोगाला सगळे ‘साइट’ म्हणतात. संच हैदराबादच्या ईसीआयएलने बनवलेत. विक्रम साराभाईंनी हे स्वप्न मांडलं आणि ते १९७१ मध्येच गेले. प्रयोगाची घडी बसवणाऱ्यांत कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस आहेत, पुण्याचे प्रमोद काळे आहेत. उपग्रह उसना आणला, पण त्यातून काय बोलायचं, कोणत्या भाषेत बोलायचं, कोणाशी बोलायचं, हे आपण ठरवलं. एका चित्रासोबत दोन भाषांचा आवाज पाठवता येतो, अशी सोय या उपग्रहात आहे. एवढ्या भाषांच्या देशाला तिचं मोल वेगळं सांगायला नको.

सूर्य त्याच दिशेला बुडतो. वीज येते, आणि बातमी आधीच सगळ्या गल्ल्यांत पोचलेली असते: आज संध्याकाळी शाळेत टीव्ही आहे. माणसं येऊ लागतात. पोरं सगळ्यात पुढे, अगदी पेटीला नाक लावून. त्यांच्यामागे बाप्ये, खांद्यावर टॉवेल, विड्यांचे ठिपके. बायका डावीकडे, भिंतीच्या कडेला, कडेवर पोरं, वेणीत अबोली. आणि काही जण पार मागे, अंगणाच्या कोपऱ्यात, कोणी न सांगता तिथेच बसलेले. ते बघा. नजर चुकवू नका. एका अंधारात, एका पडद्यासमोर सगळं गाव आलं, हे खरं. ते जुन्याच जागा धरून बसलं, हेही खरं. तुमच्या पिशवीत यावर हत्यार नाही. गुरुजी उठून मागच्यांना पुढे बोलावतात. त्यांतली दोन मुलं येतात.

फरशी अजून गरम आहे, धोतरातून, लुगड्यातून, तुमच्या पँटमधून लागते. शंभरावर माणसांच्या अंगाचा वास, तेल, तंबाखू, दूध, बाळाचं ओलं लंगोट. गुरुजी कपाटाचं कुलूप काढतात. तुमच्या पोटात गोळा येतो. बटण. गुणगुण. मुंग्या. आणखी मुंग्या. कोणीतरी मोठ्याने उसासा टाकतं.

आणि चित्र लागतं!

स्वच्छ, काळंपांढरं, एक बाई कन्नडमध्ये नमस्कार करते. अहमदाबादहून निघालेलं ते चित्र अवकाशात जाऊन तुमच्या गंजलेल्या, आता ग्रीस लावलेल्या जोडातून पाव सेकंदात इथे पोचलं आहे. भिंतीकडची एक म्हातारी पदर सावरून त्या बाईला उलट नमस्कार करते. कोणी हसत नाही. तुम्हीही हसणार नाही, कारण घशाशी काहीतरी दाटून येईल.

आता पडद्याकडे पाठ करून माणसांकडे बघा. हे मी आग्रहाने सांगतो, कारण इथेच आजची खरी गोष्ट घडते. आधी जनावरांच्या रोगाचा कार्यक्रम लागतो. अंगण चिडीचूप. विड्या हातातच विझतात. बैलाच्या तोंडाकडे कॅमेरा जातो तसे चार जण गुडघ्यांवर उठतात. मग लहान मुलांच्या खाण्याचा कार्यक्रम, आणि भिंतीकडून कुजबुज सुरू होते. बायका एकमेकींना सांगतायत, विचारतायत, म्हातारी पडद्यातल्या बाईला तोंडावर उत्तर देते आहे. मग लोकनृत्य लागतं. रंगीत असावेत असे कपडे, ढोल, गिरक्या. आणि बाप्ये उठतात. कोणी पाणी प्यायला, कोणी कुंपणाकडे. शहरात कोणाला तरी वाटलं होतं की खेड्यातल्या माणसाला त्याचीच नाचगाणी दाखवली की तो खूश होईल. पण या गावाचा स्वतःचा बयलाट आहे, देवळापुढे रात्रभर रंगणारा, मुकुटांसकट, खऱ्या आवाजात. तो सोडून पेटीतला कशाला बघतील? त्यांना पेटीतून हवं आहे ते त्यांच्याकडे नसलेलं: रोग, बियाणं, जगाच्या बातम्या. पुढे झालेल्या अभ्यासांतही हेच निघालं. करमणुकीपेक्षा माहितीचे कार्यक्रम गावकऱ्यांना जास्त आवडले. बायकांच्या ज्ञानात, विशेषतः आरोग्याच्या बाबतीत, पुरुषांपेक्षा जास्त भर पडली. ज्यांच्यापर्यंत वर्तमानपत्र कधी पोचलं नव्हतं, त्यांनीच सर्वांत जास्त घेतलं. संस्कृती जपायची म्हणून लोकांना त्यांचाच आरसा दाखवत बसणं हा त्यांचा अपमान आहे. संस्कृती ते आपली आपण जपतात, रात्र रात्र जागून जपतात.

प्रसारण संपलं. पेटी बंद झाली तसा अंधार एकदम जवळ आला, आणि कंदील हलू लागले. एक शेतकरी तुमच्यापाशी येतो. तुमच्याच वयाचा असेल. “परवाच्या कार्यक्रमात तुरीचं बियाणं दाखवलं होतं. तालुक्याला दोनदा जाऊन आलो. दुकानदार म्हणतो, असलं काही नाही. तुमच्या जीपमधून आणता येईल का?”

थांबा जरा. घाईने उत्तर देऊ नका. ३६,००० किलोमीटरवरून बातमी आली आणि तालुक्याच्या दुकानापाशी अडली. तुम्ही इंजिनिअर आहात, तुटलेला जोड ओळखणं हे तुमचं काम, आणि हा जोड तुम्हाला आज पहिल्यांदा दिसला. तो कथिलाने जुळणार नाही. त्याला कृषी खातं लागेल, रस्ता लागेल, प्रामाणिक दुकानदार लागेल, आणि हे सगळं लागतंय असं वर लिहून पाठवणारं कोणीतरी लागेल. वहीत लिहून घ्या. बियाण्याचं नाव, दुकान, तारीख. वर कळवा. उत्तर आलं नाही तर पुन्हा कळवा.

गुरुजींच्या घरी जेवण: कडक रोट्टी, भरलं वांगं, शेंगाची हिंडी, वर करडईच्या तेलाची धार. बोटं चाटा, इथे कोणी बघत नाही. मग माडीवर घोंगडी. दगड अजून ऊब सोडतोय, वारा आता कुठे सुटलाय. उशाशी मित्राचं पत्र आहे, अमेरिकेच्या विद्यापीठातून आलेलं. तिकडच्या प्रयोगशाळा, बर्फ, शिष्यवृत्तीचा आकडा. तुमचेही मार्क त्याच्या इतकेच होते. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण आज शंभर माणसांसमोर चित्र लागलं तेव्हा तुमच्या अंगावर जो काटा आला, तो त्याच्या प्रयोगशाळेत येत असेल का, हे त्याला विचारून बघा. ज्या देशात निम्म्याहून अधिक माणसांना वाचता येत नाही, तिथे उपग्रहाची चैन कशाला, असं दिल्लीमुंबईत विद्वान विचारतात. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठीच तो आहे, हे त्यांना सांगायला त्या भिंतीकडच्या म्हातारीला पाठवावं.

जाता जाता पुढचं सांगून ठेवतो. ३१ जुलै १९७६ ला प्रयोगाचं वर्ष संपेल, एटीएस-६ परत अमेरिकेच्या दिशेने सरकेल आणि ही जाळी रिकामं आकाश धरून उभी राहील. गावं विचारतील, पुन्हा कधी? १९७७ मध्ये गुलबर्ग्याला टीव्हीचं जमिनीवरचं प्रक्षेपण केंद्र सुरू होईल, आणि १९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा भारताच्या मालकीचा उपग्रह वर जाईल.

तुम्ही तुमच्या काळात परत जाल. तिथे ॲप बनवत असाल, पंप बनवत असाल, शाळेसाठी काही बनवत असाल. ते घेऊन एका गावी जा, संध्याकाळभर बसा, पडद्याकडे पाठ करून बसा, आणि बियाणं कुठे मिळेल असं कोणी विचारलं तर उत्तर मिळेपर्यंत ते गाव सोडू नका.