जॅकलीन द्यु प्रे हिची शेवटची मैफल

कलावंताची अखेरची मैफल बहुधा आधी जाहीर झालेली असते. वय झालेले असते, रसिक मुद्दाम जमतात, हार पडतात, चार शब्द बोलले जातात आणि डोळे पुसत मंडळी घरी परततात. परंतु असा रीतसर निरोप ज्यांच्या वाट्याला आला नाही असेही कलावंत होऊन गेले. इंग्लंडमधील जगप्रसिद्ध चेलोवादक जॅकलीन द्यु प्रे ही त्यांपैकीच एक. १९७३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात न्यूयॉर्क येथे मोठ्या वाद्यवृंदाबरोबर वाजवून ती उठली, तेव्हा तिचे वय अवघे २८ वर्षांचे होते. आपण यापुढे कधीच सभेत चेलो वाजवणार नाही, हे त्या रात्री ना तिला ठाऊक होते ना श्रोत्यांना.

पाश्चात्य संगीताशी आपल्यापैकी पुष्कळजणींचा परिचय बेताचाच असेल, म्हणून चेलोविषयी थोडे सांगावयास हवे. चेलो म्हणजे व्हायोलिनचेच थोरले भावंड. तो जमिनीवर टेकवून, दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून गजाने वाजवतात. सतारीला असतात तसे पडदे त्याला नसतात. स्वर कोठे आहे हे बोटांनीच जाणावयाचे आणि गजाचा भार किती द्यावयाचा हे हातानेच तोलावयाचे. सारंगीवादन ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना यातील कठीणपणा सहज उमगेल.

वाद्य धरण्याच्या या पद्धतीमुळेच एकोणिसाव्या शतकात युरोपातही स्त्रियांनी चेलो वाजवणे अशोभनीय समजले जाई. कित्येकजणी घोड्यावर एका अंगाने बसतात तशा दोन्ही पाय एकीकडे घेऊन तो वाजवीत. ही अडचण मागे सारणाऱ्या वादकांत पोर्तुगालची गिल्हेर्मिना सुजिया हिचे नाव मोठे. १९५० साली ती निवर्तली. आपला मौल्यवान चेलो विकून त्या पैशातून होतकरू चेलोवादकांना साहाय्य करावे, अशी व्यवस्था तिने मृत्युपत्रात करून ठेवली होती. हे साहाय्य १९५६ साली ज्या अकरा वर्षांच्या मुलीला मिळाले ती जॅकलीन. एका स्त्रीने मागे ठेवलेल्या ठेवीवर दुसरीची विद्या उभी राहिली, ही गोष्ट आपल्यासारख्या मंडळाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

जॅकलीनचा जन्म २६ जानेवारी १९४५ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वयाच्या चौथ्या वर्षी तिने रेडिओवर चेलोचा आवाज ऐकला आणि आईपाशी हट्ट धरला. आई स्वतः पियानो वाजवणारी व शिकवणारी होती. लेकीसाठी ती सोप्या चिजा रचून कागदावर चित्रांसह लिहून ठेवी. पुढे विल्यम प्लीथ यांच्यासारखे गुरू लाभले आणि १९६१ च्या मार्चमध्ये, सोळाव्या वर्षी, लंडनच्या विगमोर हॉलमध्ये तिचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला.

तिचे नाव कायमचे जोडले गेले ते एडवर्ड एल्गार यांच्या चेलो कन्चेर्टोशी. एक वादक आणि त्याच्या साथीला सबंध वाद्यवृंद, अशी कन्चेर्टोची रचना असते. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, उतारवयातील एल्गार यांनी ही रचना केली. तिच्यात गेलेल्या काळाचा शोक भरला आहे. पहिल्या प्रयोगाच्या वेळी तालमी अपुऱ्या झाल्या होत्या आणि तो साफ पडला. १९६५ साली जॉन बार्बिरोली यांच्या संचालनाखाली वीस वर्षांच्या जॅकलीनने तिची ध्वनिमुद्रिका केली. त्या ध्वनिमुद्रिकेने ही रचना घरोघरी पोहोचवली आणि आजही ती आवडीने ऐकली जाते. १९६७ साली पियानोवादक व वाद्यवृंद-संचालक डॅनिएल बॅरेनबॉइम यांच्याशी तिचा विवाह झाला. दोघांचे दौरे सुरू झाले आणि कीर्ती वाढतच गेली.

याच वैभवाच्या दिवसांत शरीराने कुरकुर करावयास आरंभ केला. बोटे बधिर होत, विलक्षण थकवा येई. डॉक्टरांना काही सापडेना. कामाचा ताण, मनाची अस्वस्थता असेच निदान पुढे येई. १९७१ मध्ये तिने बराच काळ विश्रांती घेतली. त्या वर्षाच्या डिसेंबरात तिने शॉपँ व फ्रांक यांच्या रचना मुद्रित केल्या. स्टुडिओतील तिचे चेलोवादन त्यानंतर झाले नाही.

१९७३ च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये तिने पुन्हा एल्गार वाजवले. वाद्यवृंदाचे संचालन करीत होते आपल्या मुंबईत १९३६ साली जन्मलेले झुबिन मेहता. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला होता. झुबिन हे या दांपत्याचे जुने स्नेही. लंडनमधील श्रोत्यांनी तिचे एल्गार प्रत्यक्ष ऐकले ते शेवटचेच.

तेथून ती न्यूयॉर्कला गेली. लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या संचालनाखाली, पिंकस झुकरमन यांच्या व्हायोलिनबरोबर, ब्राम्स यांच्या व्हायोलिन व चेलोसाठी लिहिलेल्या जोड-कन्चेर्टोचे चार प्रयोग ठरले होते. त्या वेळी चेलोची पेटी उघडणेही तिला जड जाऊ लागले होते. गजाचा भार कळेना, बोटांना तारांचा स्पर्श जाणवेना. तेव्हा तिने डोळ्यांनी पाहून बोटे जागेवर ठेवली. जे काम बोटांच्या अंगवळणी पंचवीस वर्षे पडले होते, ते ऐन सभेत दृष्टीकडून करवून घेतले! असे तीन प्रयोग तिने पार पाडले. चौथा मात्र रद्द करणे भाग पडले. तिच्या जागी आयझॅक स्टर्न यांनी व्हायोलिनवर मेंडेल्सन यांची रचना वाजवली.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात खरे निदान झाले: मल्टिपल स्क्लेरॉसिस. या व्याधीत शरीराची संरक्षक शक्तीच मज्जातंतूंवरील आवरणावर हल्ला करते. विजेच्या तारेवरचे वेष्टन झिजावे आणि प्रवाह मध्येच अडावा, तसा मेंदूचा निरोप अवयवांपर्यंत नीट पोहोचत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांत ही व्याधी दुपटी-तिपटीने अधिक आढळते. तिची गती मंदावणारी औषधे १९९३ नंतर मिळू लागली. जॅकलीनला त्यांचा लाभ व्हावयाचा नव्हता. पण तिची तक्रार मनाची नव्हती, शरीराची होती, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

हातातले वाद्य सुटले तरी विद्या सुटली नाही. चाकांच्या खुर्चीत बसून तिने शिष्य घडवले. प्रोकोफिएव्ह यांच्या ‘पीटर आणि लांडगा’ या मुलांसाठीच्या संगीतकथेचे निवेदन तिने वाद्यवृंदाबरोबर स्वतःच्या आवाजात केले. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी, वयाच्या ४२ व्या वर्षी, तिचे लंडनमध्ये निधन झाले.

जॅकलीनच्या धैर्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु तिच्या चरित्रातून आपण उचलावयाची गोष्ट अधिक साधी आहे. हाताला मुंग्या येतात, वस्तू हातून निसटतात, अंगात त्राण राहत नाही, असे घरातील सून, जाऊ किंवा शेजारीण म्हणाली, तर ‘फार मनाला लावून घेतेस’ एवढ्यावर तिची बोळवण करू नये. जगभर जिचे नाव गाजले तिचेही दुखणे वेळीच ओळखले गेले नाही. मग चार भिंतींतल्या बाईचे कोण ऐकणार? ते ऐकणारी माणसे आपल्या मंडळात असावीत. सुजियाने आपल्यामागून येणाऱ्या मुलींसाठी चेलो विकला. आपल्याला तर केवळ कान द्यावयाचा आहे.