परवलीचा शब्द आणि त्याची परीक्षा

परवलीचा शब्द ही कांहीं नवी कल्पना नव्हे. रात्रीं गडाच्या दरवाजाशीं कोणी आला, तर पहारेकरी त्यास शब्द विचारी. शब्द जुळला तर दिंडी उघडे, न जुळला तर तो बाहेरच राही. परंतु या पद्धतींत दोन मोठीं वैगुण्यें आहेत. शब्द एकदां उच्चारला कीं अंधारांत दडलेल्या हेरासही तो ऐकूं जातो. आणि विचारणारा खरोखर आपला पहारेकरी आहे कीं त्याच्या वेषांतील शत्रु, हें येणारास कळत नाहीं.

संगणकांचें परस्पर दळणवळण सुरू झालें, तेव्हां हींच वैगुण्यें नव्या रूपानें पुढें आलीं. आजही बहुतेक संकेतस्थळांवर आपण शब्द टंकतों, तो वाटेंत गूढलिपीनें झांकलेला असतो हें खरें. पण पलीकडच्या दारीं पोंचतो तो उघडाच.

मग शब्द न उच्चारतां तो ठाऊक असल्याचें सिद्ध करतां येईल काय? अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीजमधील स्टीव्हन बेलोव्हिन व मायकेल मेरिट यांनीं १९९२ सालीं या प्रश्नास एक उत्तर दिलें. पुढें १९९८ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील टॉमस वू यांनीं 'सिक्युअर रिमोट पासवर्ड', संक्षेपानें एस्‌आर्‌पी, ही पद्धति मांडली. तींत सर्व्हरपाशीं शब्द नसतोच. शब्दावरून गणितानें काढलेली एक प्रचंड संख्या तेवढी असते. भेटीच्या वेळीं दोन्ही पक्ष कांहीं संख्यांची देवघेव करितात आणि आपापल्या जागीं एक गुप्त किल्ली तयार करितात. शब्द खरा असेल तरच दोन्ही किल्ल्या जुळतात. कान लावून बसलेल्यास त्या संख्यांवरून शब्द सांपडत नाहीं, आणि ज्याच्यापाशीं ती नोंदच नाहीं असा तोतया पहारेकरीही उघडा पडतो. सुरक्षित दळणवळणाच्या टीएल्‌एस् या नियमांत ही पद्धति कशी बसवावी, याचा लेख २००७ सालच्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाला.

नियम लिहिणें निराळें आणि तो कारागिराच्या हत्यारांत उतरणें निराळें. 'कर्ल' हें असेंच एक हत्यार आहे. स्वीडनमधील डॅनियल स्टेनबर्ग यांनीं तें २० मार्च १९९८ रोजीं या नांवानें प्रसिद्ध केलें. त्यास चित्रें नाहींत, बटणें नाहींत. एका ओळींत आज्ञा टंकावी आणि त्यानें दूरची सामग्री आणून द्यावी. फेब्रुवारी २०११ मधील ७.२१.४ या आवृत्तींत, ग्नूटीएल्‌एस् या सहायक संग्रहाच्या आधारें, कर्लला एस्‌आर्‌पीची विद्या प्राप्त झाली.

आतां ती विद्या खरी कीं खोटी, हें ओळखावें कसें? यासाठीं त्याच ग्नूटीएल्‌एस्‌चा एक लहान सर्व्हर परीक्षेपुरता उभा करितात आणि कर्लला त्याच्या दारीं धाडतात. पहिल्या परीक्षेंत नांव व शब्द दोन्ही बरोबर. येथें प्रवेश मिळाला पाहिजे. दुसरींत शब्द चुकीचा, तिसरींत त्या नांवाचा कोणी नोंदलेलाच नाहीं, आणि चौथींत एस्‌आर्‌पी न जाणणाऱ्या सर्व्हरशीं गांठ घालून देतात. या तीनही प्रसंगीं जोडणी होतां कामा नये.

खरें मर्म या तीन नकारांतच आहे. येईल त्यास 'या' म्हणणारा पहारेकरी पहिल्या परीक्षेंत पूर्ण गुण मिळवील! त्याची लायकी कळते ती परक्यास परत पाठवितांना. चौथी परीक्षा तर सर्वांत सूक्ष्म आहे. दुसऱ्या पक्षास ही पद्धति ठाऊक नाहीं असें पाहून हत्यारानें गुपचूप साध्या रीतीनें जोडणी केली असती, तर काम झालें असें दिसलें असतें. आणि कवच घातल्याच्या समजुतीनें मनुष्य उघड्या अंगानें रणांत उतरला असता. रक्षण नसणें वाईट. पण नसलेलें रक्षण आहे असें वाटणें त्याहून वाईट.

या पद्धतीस पुढें राजमान्यता लाभली नाहीं. मुख्य ब्राउझरांनीं ती स्वीकारली नाहीं. ऑगस्ट २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या टीएल्‌एस् १.३ मध्यें तिला स्थान उरलें नाहीं. आणि २०२१ मध्यें ओपन्‌एस्‌एस्‌एल्‌च्या तिसऱ्या आवृत्तीनें तिला निवृत्तीच्या मार्गास लाविलें. तरी मूळ कल्पना मेलेली नाहीं. ॲपलच्या होमकिटमध्यें घरांतील उपकरणांची पहिली ओळख एस्‌आर्‌पीनेंच होते, आणि आपले शब्द जपून ठेवणारें वनपासवर्डही तिचाच उपयोग करितें.

पद्धति येतात आणि जातात. परीक्षेचा धडा मात्र राहतो. शाळेंत पोरास आपण विचारतों तें बहुधा 'काय येतें' एवढेंच. रक्षण करणाऱ्यास, मग तो मनुष्य असो वा यंत्र, दुसराही प्रश्न विचारला पाहिजे : 'नाहीं' म्हणतां येतें काय? त्याचें उत्तर मिळेपर्यंत दिंडीची किल्ली कोणाच्याही हातीं देऊं नये.